वीस-पंचवीस फूट

कोट अंगात नव्हता. टाकलेल्या मातीच्या ढिगावर तो काढून ठेवला होता आणि कोटात पिस्तूल होतं. कोटाचा मालक ब्राऊन टेक्सासमधल्या एका ठिकाणी टपाल कचेरीसाठी चाललेल्या खोदकामावर देखरेख करत होता. माती भरून न्यायला गाडी आली, गाडीतून हर्मिस आला. ब्राऊनने सांगितलं, ही माती उचलायची नाही. तेवढ्यावरून हर्मिस त्याच्या अंगावर चालून गेला. हातात सुरा होता, असं ब्राऊनचं म्हणणं. ब्राऊन २०-२५ फूट मागे, कोटापर्यंत गेला. त्याने पिस्तूल काढलं. हर्मिस वार करत होता, ब्राऊनने चार गोळ्या झाडल्या, हर्मिस मेला.

ही हकीकत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रातली आहे: ब्राऊन विरुद्ध युनायटेड स्टेट्स, १६ मे १९२१. लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स. मी सांगताना गाळलं ते एवढंच, की या दोघांचं वैर जुनं होतं. हर्मिसने आधी दोनदा ब्राऊनवर सुरा चालवल्याचा पुरावा होता, आणि पुढच्या खेपेला आपल्यापैकी एक जण काळ्या पेटीतून जाईल अशी त्याची धमकीही ब्राऊनच्या कानावर आली होती. काळी पेटी म्हणजे शवपेटी. होम्सनी ती पेटी पेटीच ठेवली आहे. धमकी देणाऱ्याच्या तोंडची भाषा त्यांनी कायद्याच्या भाषेत धुऊन घेतली नाही, आणि त्यामुळे तीन-चार छापील पानांच्या या मजकुरात पहिल्यापासून एक माणूस बोलताना ऐकू येतो.

आज अमेरिकेत पिस्तूल कपड्यांखाली लपवून कुणी बाहेर पडावं, त्यासाठी परवाना लागावा का, आणि कुणी अंगावर आलं तर गोळी झाडण्याआधी मागे सरायला हवं का, याचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत. त्या कायद्यांच्या वादात होम्सच्या या निकालातलं एक वाक्य हमखास येतं. वाक्य खरोखर सुंदर आहे. पण एखाद्या कवितेची एकच ओळ सगळ्यांना पाठ असावी आणि कविता कुणी वाचलेली नसावी, तसं त्याचं झालं आहे. मला ती ओळ आवडते. तिच्या थोडी आधीची एक ओळ त्याहून आवडते, आणि ती का आवडते हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी पेच काय होता ते पाहू. ब्राऊनला दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं होतं, मधल्या न्यायालयानेही ते कायम केलं होतं. सर्वोच्च न्यायालयापुढे वाद होता तो खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाने ज्युरीला केलेल्या एका सूचनेवर. ज्याच्यावर हल्ला झाला आहे त्याला, जोवर मागे सरण्याची वाट मोकळी आहे आणि तसं करताना जिवाला धोका नाही, तोवर मागे सरण्याचं बंधन नेहमीच असतं, असं न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं होतं. सगळं भांडण त्या 'नेहमीच'मध्ये आहे.

हे बंधन जुन्या इंग्लिश कायद्यातून आलेलं. मारामारीत सापडलेल्याने मागे मागे जात राहायचं, पाठ भिंतीला टेकेपर्यंत. भिंत लागली, आता जायला जागा नाही, मगच प्राणघातक वार. सतराव्या शतकातल्या कायदेपंडित कोकच्या ग्रंथात या मागे सरण्याचा उल्लेख आहे आणि होम्स नेमका त्याच उल्लेखाकडे बोट दाखवतात. त्यांचं म्हणणं असं, की जुन्या काळी, अगदी वेगळ्या परिस्थितीत, उदाहरण म्हणून दिलेल्या गोष्टी पुढे हाडासारख्या टणक होत गेल्या आणि नियम बनून बसल्या. त्यामागचा विचार मागेच राहिला. हाडाची ही उपमा होम्सची स्वतःची, एकाच क्रियापदात दडवलेली. उपमा दिली आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये इतक्या सहजपणे दिलेली. निकालपत्रात अलंकार असा असावा.

आणि थोडं पुढे एक वाक्य, जे लिहायला मोठं धाडस लागतं. कायदा वाढत आला आहे, ते म्हणतात, आणि त्या वाढीला इतिहासाबद्दलच्या चुकीच्या समजुतींनी हातभार लावला असला तरी त्याची वाढ मनुष्यस्वभावाशी जुळणाऱ्या नियमांच्या दिशेने झाली आहे. देशातल्या सर्वात वरच्या न्यायासनावरून कायद्याच्या वाढीत चुकांचाही वाटा असू शकतो हे इतक्या शांतपणे कबूल करायचं! त्यात खेद नाही, आव नाही. शेतातलं झाड वाकडं वाढलं पण उजेडाकडे वाढलं, असं सांगणाऱ्या शेतकऱ्याचा सूर त्यात आहे.

मग ते गाजलेलं वाक्य. मराठीत आणायचं तर त्याचा अर्थ असा: उगारलेल्या सुऱ्यासमोर अलिप्त विचाराची मागणी करता येत नाही.

मूळ इंग्रजीत हे वाक्य बारा शब्दांचं आहे आणि त्यात माणूस एकही नाही. ब्राऊन नाही, हर्मिस नाही, सुरा धरलेला हातही नाही. सुरा हवेत आहे. मागणी कोण करतो तेही सांगितलेलं नाही; ती करणारा अर्थातच कायदा, म्हणजे त्या क्षणी होम्स स्वतः. आणि 'अलिप्त' हे विशेषण कुणाला लागू आहे? नंतर, महिन्यांनी, वर्षांनी, न्यायालयाच्या बाकावर बसून पाणी पीत विचार करणाऱ्या सगळ्यांना. वाक्याच्या एका टोकाला ती स्वस्थ खोली आहे, दुसऱ्या टोकाला सुरा. मधे फक्त नकार.

भाषांतर करताना मला मराठीने एक भेट दिली. इंग्रजीतला 'अपलिफ्टेड' म्हणजे नुसता वर नेलेला. वर नेलेला चेहरा असू शकतो, वर नेलेलं मनही. मराठीत चमचा कुणी उगारत नाही. हात उगारतात, काठी उगारतात, छडी उगारतात. 'उगारणे' या क्रियापदात पुढचा वार आधीच बसलेला आहे. होम्सना जे सांगायला पूर्ण वाक्य लागलं त्यातलं अर्धं आपल्या क्रियापदात आहे. पण दुसरीकडे मराठीने मला अडवलंही. 'रिट्रीट'ला काय म्हणायचं? 'माघार' म्हटलं की रणांगण आलं, अब्रू आली. माघार घेणाऱ्याकडे लोक कसे बघतील हे आलं. 'पळणं' म्हटलं की निकालच लागला. 'मागे सरणं' म्हटलं तर काहीच होत नाही, नुसतं पाऊल मागे पडतं. बैल अंगावर आला तर आपण मागे सरतो, त्याला कुणी माघार म्हणत नाही. अमेरिकेतला शे-दीडशे वर्षांचा वाद मला या तीन शब्दांत दिसतो. इंग्लिश कायद्याला वाटत होतं आपण लोकांना मागे सरायला सांगतो आहोत. एकोणिसाव्या शतकात ओहायो, इंडियाना इथल्या न्यायालयांना ऐकू आलं ते 'पळ'. खरा माणूस पळत नाही, असं ती न्यायालयं म्हणू लागली, आणि हा 'खरा माणूस' तिथल्या कायद्याचा शब्दच होऊन गेला.

होम्स 'खरा माणूस' म्हणत नाहीत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या निकालात मर्दपणाचा शब्द नाही. त्याऐवजी त्या सुऱ्याच्या वाक्याच्या थोडी आधी, मी वर म्हटलेली ती 'आधीची ओळ' येते. सारांशाने सांगते: विवेकाने पाहिलं तर मागे न सरणं ही बाकीच्या सगळ्या परिस्थितीबरोबर विचारात घ्यायची एक परिस्थिती आहे, माणूस जरूरीपेक्षा पुढे गेला का हे ठरवण्यासाठी, गुन्ह्याचा तो आपोआप होणारा पुरावा नव्हे.

एक परिस्थिती. बाकीच्यांबरोबर. या वाक्यात टाळ्या घेण्यासारखं काही नाही, म्हणून ते कुणाला पाठ नाही. पण निकालाचा सगळा तोल यावर उभा आहे. खालच्या न्यायाधीशाच्या 'नेहमीच'ला होम्सनी 'कधीच नाही' असं उत्तर दिलेलं नाही. त्यांनी प्रश्न ज्युरीच्या हातात परत ठेवला: तो बाजूला होऊ शकत होता का, तेही बघा, सुरा किती जवळ होता, तेही बघा, आधीच्या धमक्या, तो कोट, ते अंतर, सगळं बघा. एका बाजूला सुऱ्याचं चमकणारं वाक्य आणि त्याच्या थोडं आधी हे मातकट, कामाचं वाक्य. सुऱ्याचं वाक्य वाट मोकळी करतं, आणि हे वाक्य त्याला सैल सुटू देत नाही.

हाच तोल शेवटच्या गोळीपाशी पुन्हा दिसतो. हर्मिस खाली पडल्यावर चौथी गोळी सुटली, असा पुरावा होता. ती चुकून सुटली, असं ब्राऊनचं म्हणणं. ज्युरीने त्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही, हे होम्स मान्य करतात. मग एक लांब वाक्य येतं. ती गोळी जाणूनबुजून झाडली असली, आणि थंड डोक्याने पाहता अनावश्यक वाटली, तरीही ती आधीच्या गोळ्यांच्या पाठोपाठ, झटापटीची धग अंगात असताना सुटली असेल, आणि आपण जिवासाठी लढतो आहोत असं त्याला वाटत असेल, तर त्याचं संरक्षण जातंच असं नाही. या वाक्यात अटींवर अटी आहेत. सुऱ्याचं वाक्य एका दमात संपतं, हे संपत नाही. प्रत्येक 'जर'पाशी थांबून श्वास घ्यावा लागतो. मोठ्याने वाचून पाहावं. पहिलं वाक्य झटापटीच्या वेगाचं आहे, दुसरं झटापटीनंतर तिथे जाऊन रक्ताचे डाग बघणाऱ्या माणसाच्या वेगाचं.

या वाक्यांमागचा माणूस त्या वर्षी ८० वर्षांचा होता. विशीत तो यादवी युद्धात लढला. ऑक्टोबर १८६१ मध्ये बॉल्स ब्लफला छातीत गोळी, सप्टेंबर १८६२ मध्ये अँटीटमला मानेत, मे १८६३ मध्ये फ्रेडरिक्सबर्गजवळ टाचेत. तीनदा घायाळ होऊन जगलेल्या माणसाला उगारलेलं शस्त्र म्हणजे काय हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. मी हे सांगते ते वाक्याला वजन यावं म्हणून नाही, ते वाक्यात आहेच. मला त्या माणसाचा संयम दिसतो म्हणून सांगते. निकालपत्रात युद्धाचा एक शब्द नाही. मित्र हॅरॉल्ड लास्की यांना पत्र लिहिताना मात्र ते मोकळे होतात. टेक्सासात माणूस पळण्यासाठी जन्मलेला नाही हे तर ठरलेलंच आहे, अशा अर्थाचं तिथे ते लिहून जातात. ही ओळ त्यांना निकालातही घालता आली असती आणि ती सुऱ्यापेक्षाही गाजली असती. त्यांनी ती पत्रातच ठेवली.

आणि आता सर्वात अवघड जागा. शेवटाकडे होम्स सरकार पक्षाचं म्हणणं मांडतात. सरकार म्हणतं, हर्मिसच्या हातात सुरा नव्हताच. होम्स ते फेटाळत नाहीत. ब्राऊनला जिवाची भीती वाटण्याइतकं कारण नव्हतं, त्याने मर्यादा ओलांडली, किंबहुना हल्ला करणाराच तो होता, असंही ज्युरी ठरवू शकली असती, असं ते स्वच्छ लिहितात. पण हर्मिसने सुरुवात केली, असं मानायला पुराव्यात बरीच जागा आहे आणि तसं मानलं तर ज्युरीला दिलेली सूचना चुकीची होती, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणजे अमेरिकी कायद्यातला सर्वात प्रसिद्ध सुरा हा 'मानलं तर'मधला सुरा आहे. तो होता की नव्हता हे होम्सना ठरवायचं नव्हतं. वाक्य उचलणाऱ्यांनी सुरा उचलला, 'मानलं तर' तिथेच राहिलं.

'स्टँड युअर ग्राउंड' हे शब्द आज अमेरिकेत कायद्याचं नाव आहेत. होम्सच्या निकालात ते एका साध्या वाक्यात येतात: मरणाचा किंवा जबर इजेचा तत्काळ धोका आहे असं रास्तपणे वाटत असेल तर माणूस पाय रोवून उभा राहू शकतो, असं अनेक जाणकार लेखक मानतात. जागेबद्दल ते किती जपून बोलतात पाहा. आधीच्या दोन खटल्यांचा आधार घ्यायचा आहे. १८९५ च्या खटल्यात अर्कान्सॉमधला बिअर्ड स्वतःच्या जमिनीवर होता, गायीवरून वाद होता. १८९६ च्या खटल्यात रो एका हॉटेलच्या खोलीत होता. ब्राऊन तर ना आपल्या रानात, ना कुठल्या खोलीत. होम्स म्हणतात, ब्राऊन अशा जागी होता जिथे त्याला कामासाठी बोलावलेलं होतं, तो आपलं कर्तव्य करत होता. ही जागा कमावलेली आहे. खोदकामावर उभं राहणाऱ्या माणसाला, त्याच्या मजुरीच्या जागेला, होम्सनी स्वतःच्या जमिनीइतकं मोल दिलं.

२००५ साली फ्लोरिडाने कायदा केला. तिथे शब्द आले: असण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा. पेट्रोल पंप, दुकान, फुटपाथ. बोलावलेली जागा आणि असण्याचा हक्क असलेली जागा यांत फरक आहे, आणि तो फक्त क्षेत्रफळाचा नाही. पहिल्या जागेत माणूस कशासाठी उभा होता हे विचारावं लागतं. दुसरीत नाही. २०१२ साली फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र मुलगा गोळीने मेला. गोळी झाडणाऱ्याकडे लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना होता. पुढच्या वर्षीच्या खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या सूचनेत, आरोपीवर मागे सरण्याचं बंधन नव्हतं, हे वाक्य होतं. आरोपी सुटला. १९२१ सारखाच हा सगळा मामलाही अखेर ज्युरीला काय सांगितलं जातं इथेच येऊन थांबतो, म्हणून मला या सूचना पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात.

पण सगळ्यात टोकदार बदल ब्राऊनच्या टेक्सासमध्येच झाला. २००७ साली तिथल्या कायद्यात एक कलम आलं. जागेवर असण्याचा हक्क आहे, भांडण उकरून काढलेलं नाही, त्या वेळी काही गुन्हा चाललेला नाही, अशा माणसाला प्राणघातक बळ वापरणं गरजेचं वाटलं ते रास्त होतं का, हे ठरवताना तो मागे सरला नाही ही गोष्ट निर्णय करणाऱ्याने विचारात घेऊ नये. 'घेतलीच पाहिजे असं नाही' नव्हे, 'घेऊ नये'. आता होम्सची मातकट ओळ पुन्हा आठवा: बाकीच्यांबरोबर विचारात घ्यायची एक परिस्थिती. ज्या निकालाचं नाव घेऊन मागे न सरण्याच्या कायद्यांची वंशावळ सांगतात, त्या निकालाच्या गाभ्यालाच या कलमाने काट मारली. ब्राऊनच्या खटल्यातले खालचे न्यायाधीश ज्युरीला म्हणाले होते, हे नेहमीच विचारा आणि उत्तर 'सरला नाही' असलं तर गुन्हा. २००७ चं कलम म्हणतं, हे विचारूच नका. होम्स या दोघांच्या मधे उभे आहेत आणि त्यांना वारस नाही, असं मला वाटतं. मागे सरण्याचं बंधन नसलेली राज्यं आज अमेरिकेत निम्म्याहून जास्त आहेत. न्यू यॉर्कसारख्या राज्यात ते अजून आहे: पूर्ण सुरक्षितपणे मागे सरता येत असेल तर सरा, आपल्या घरात असाल तर मात्र नाही.

आता त्या कोटाकडे. निकाल वाचताना माझं मन तिथे अडकतं. ब्राऊनने पिस्तूल का आणलं होतं? होम्स एका उपवाक्यात सांगतात: हर्मिसच्या धमक्यांमुळे. बस. त्याच्याकडे परवाना होता का, हा प्रश्न निकालात नाही, कारण त्या काळी टेक्सासात परवाना ही गोष्टच नव्हती. होता तो १८७१ चा कायदा. अंगावर, खोगिरावर किंवा खोगिराच्या झोळीत पिस्तूल बाळगण्यास त्याने बंदी केली होती, आणि सूट ठेवली होती ती हल्ल्याची भीती रास्त असलेल्याला. ती भीती तातडीची आणि निकडीची असेल तरच. बंदुकांचा मुलुख म्हणून ज्या टेक्सासकडे जग बघतं, तिथे या बंदीचा सांगाडा १९९५ पर्यंत टिकला. त्या वर्षी राज्यपाल जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी लपवून शस्त्र बाळगण्याच्या परवान्याच्या कायद्यावर सही केली. २०१६ पासून परवानाधारकांना ते उघड बाळगता येऊ लागलं. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, अन्यथा अपात्र नसलेल्या माणसाला परवानाही लागेनासा झाला. २०२४ पर्यंत अशी राज्यं २९ झाली. व्हरमाँटने मात्र असा परवाना कधी मागितलाच नव्हता.

'तातडीची आणि निकडीची' या शब्दांत एक प्रश्न आहे: तुला कुणाची भीती वाटते? ब्राऊन त्याचं उत्तर देऊ शकला असता. हर्मिसची. दोनदा सुरा चालवला आहे त्याने. न्यू यॉर्कने १९१३ पासून जवळपास हाच प्रश्न परवान्याच्या अर्जावर विचारला. तिथला शब्द 'योग्य कारण', आणि न्यायालयांनी त्याचा अर्थ लावला की कारण चारचौघांपेक्षा वेगळं हवं. वस्तीत चोऱ्या होतात, एवढं पुरेसं नाही. अशाच एका अर्जदाराने वस्तीतल्या लागोपाठ चोऱ्यांचं कारण दिलं. अधिकाऱ्याने शिकार आणि नेमबाजीपुरता परवाना दिला, रस्त्यावर स्वसंरक्षणासाठी नाही. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ जून २०२२ रोजी ब्रुएन निकालात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने 'योग्य कारण' रद्द केलं. टेक्सासचा १८७१ चा कायदाही थॉमस यांच्यापुढे ठेवला होता. त्यांनी तो अपवाद म्हणून बाजूला सारला.

या सगळ्या परवान्यांचं व्याकरण एका सहायक क्रियापदात आहे. 'मे इश्यू' म्हणजे अधिकारी परवाना देऊ शकेल. 'शॅल इश्यू' म्हणजे अटी पुऱ्या झाल्या की द्यायचाच. ब्रुएनच्या वेळी न्यायालयाच्या मोजणीप्रमाणे ४३ राज्यं दुसऱ्या वर्गात होती. पहिल्या क्रियापदात अधिकाऱ्याची मर्जी शिरते, आणि मर्जीबरोबर ओळख, जात, वर्ण, वशिला सगळं शिरतं. ती तक्रार खरी आहे आणि मला पटते. साध्या अर्जापुढे टेबलामागचा माणूस किती मोठा होतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण क्रियापद बदलताना प्रश्नही गेला. तुला कुणाची भीती वाटते, हे आता कुणी विचारत नाही. भीती कुणा हर्मिसची असण्याची गरज नाही, ती अनोळखी, अजून न भेटलेल्या माणसाची चालते. असहमत न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांचा मजकूर एका आकड्याने सुरू होतो: २०२० साली बंदुकीने मेलेले ४५,२२२ अमेरिकन, आत्महत्या धरून. न्यायमूर्ती अलिटो यांनी विचारलं, या आकड्याचा समोरच्या प्रश्नाशी संबंध काय? थॉमस आणि ब्रेयर यांचं गद्य होम्सपेक्षा कितीतरी पट लांब आहे, पुराव्यांनी गच्च भरलेलं आहे. १९२१ च्या त्या पानांवर मात्र एक माणूस, एक कोट आणि मातीचा ढीग आहे.

याच सुराची एक खूण मला आपल्याकडे सापडली तेव्हा फार आनंद झाला. १९६२ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जयदेव विरुद्ध पंजाब राज्य हा खटला निकाली काढला. निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी; साताऱ्यात जन्मलेले, दोन वर्षांनी सरन्यायाधीश झालेले. शेताच्या ताब्यावरून झालेल्या मारामारीत बंदुका चालल्या होत्या. गजेंद्रगडकर लिहितात त्याचा आशय असा, की नागरिकाचं रक्षण करणं हे राज्याचं काम, तरी अचानक हल्ला झालेल्याने पळूनच गेलं पाहिजे असं नाही. आणि घटनेनंतर बऱ्याच काळाने न्यायदालनात जी अलिप्त वस्तुनिष्ठता साहजिक असते ती कसोटी त्याला लावणं योग्य नाही, त्याने वापरलेलं बळ सोन्याच्या तराजूत तोलू नये. 'अलिप्त' हा शब्द वाचला आणि टेक्सासचा सुरा डोळ्यांपुढे आला. त्या वाक्याचं तेच वळण, फक्त सुऱ्याच्या जागी तराजू. सोनाराच्या दुकानात गुंजेचा फरक बघणारा तो नाजूक काटा आपल्या वाचकाला लगेच दिसतो.

पण याच निकालात गजेंद्रगडकर पुढे जाऊन हिशेब पुरा करतात. जमाव पांगून पळू लागल्यावर झाडलेल्या गोळ्यांना त्यांनी संरक्षण दिलं नाही. धोका संपला, हक्क संपला. आपल्या १८६० च्या दंडसंहितेत कलम ९९ ने आणखी एक प्रश्न कायम ठेवला होता: पोलिसांकडे, सरकारकडे धाव घ्यायला वेळ होता का? नव्या न्याय संहितेतही तो आहे. मागे सरण्याचं बंधन नाही, पण विचारायचे प्रश्न मात्र सगळे जागेवर आहेत. होम्सची मातकट ओळ इथे निराळ्या मातीत, निराळ्या बियाण्यातून उगवलेली मला दिसते.

होम्सचा निकाल दोन शब्दांनी संपतो: निर्णय रद्द. खाली पिटनी आणि क्लार्क या दोन न्यायमूर्तींची असहमती, कारणांशिवाय. मी ती पानं मिटते आणि पुन्हा उघडते, त्या अंतरासाठी. २०-२५ फूट. ज्याच्यावर मागे न सरण्याबद्दल ठपका होता तो माणूस खरं तर मागे सरला होता. पिस्तूल ज्या दिशेला होतं त्या दिशेला सरला होता. ते मागे सरणं होतं की शस्त्राकडे जाणं, याचं उत्तर होम्स देत नाहीत. ते ज्युरीवर सोडतात. ब्राऊन त्या मोकळ्या केलेल्या मातीवरून जाताना त्याचं तोंड हर्मिसकडे होतं की कोटाकडे, हेही निकालपत्रात कुठे लिहिलेलं नाही.